संत व्हायला मठात जावं लागतं का? रोजच्या जगण्यातल्या पवित्रतेबद्दल कॅथलिक परंपरा काय सांगते

७ सप्टेंबर २०२५ रोजी व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चौकात पोप लिओ चौदावे यांनी दोन तरुणांना संत म्हणून जाहीर केलं.

त्यातला एक होता कार्लो अक्युतिस. लंडनमध्ये जन्मलेला, मिलानमध्ये वाढलेला, कॉम्प्युटरचं वेड असलेला आणि व्हिडिओ गेम खेळणारा मुलगा. २००६ मध्ये ल्युकेमियाने त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. इटलीतल्या असिसी इथे काचेमागे ठेवलेलं त्याचं पार्थिव पाहायला गर्दी होते. अंगावर जीन्स आणि पायात स्पोर्ट्स शूज, असा त्याचा फोटो कदाचित तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल.

दुसरा होता पिएर जॉर्जो फ्रासाती. तुरिन शहरातल्या एका बड्या वृत्तपत्र मालकाचा मुलगा. त्याला गिर्यारोहणाचा नाद होता आणि मित्रांचा मोठा गोतावळा होता. १९२५ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी पोलिओने तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेला शहरातल्या गरीब वस्त्यांमधून हजारो लोक आले. आपला मुलगा इतक्या लोकांच्या घरी जात होता, त्यांना मदत करत होता, याचा पूर्ण अंदाज घरच्यांनाही नव्हता.

हे दोघंही धर्मगुरू नव्हते. दोघांनीही मठ स्थापन केला नाही. धर्मासाठी त्यांचा छळ झाला नाही की कुणी त्यांना ठार मारलं नाही.

मग ते संत कसे?

याचं उत्तर कॅथलिक परंपरेतल्या एका जुन्या, पण बराच काळ मागे पडलेल्या विचारात आहे. तो विचार असा की पवित्रता घर, ऑफिस, बाजार आणि स्वयंपाकघरातही सापडते. हा विचार आला कुठून, त्याचा नेमका अर्थ काय आणि त्यावर आक्षेप कोणते आहेत, ते समजून घेऊ.

'पवित्र' म्हणजे सोवळं नव्हे

आधी शब्दाचा घोळ सोडवायला हवा.

मराठीत 'पवित्र' म्हटलं की आपल्याला देव्हारा, सोवळं, गंगाजल असं काहीतरी आठवतं. ज्याला विटाळ चालत नाही, जे जपून ठेवायचं, ते पवित्र. बायबलच्या जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाच्या मुळाशीही 'वेगळं काढलेलं', 'देवासाठी राखून ठेवलेलं' हाच अर्थ आहे.

पण कॅथलिक चर्च माणसाच्या पवित्रतेबद्दल बोलतं तेव्हा त्याचा रोख शुद्धाशुद्धतेवर नसतो. देवावर आणि शेजाऱ्यावर मनापासून प्रेम करणं आणि ते प्रेम कृतीत दिसणं, ही त्याची व्याख्या.

याचा आधार बायबलमध्येच आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात, २५ व्या अध्यायात, येशू शेवटच्या न्यायाचं चित्र रंगवतो. तिथे विचारले जाणारे प्रश्न अगदी साधे आहेत. भुकेल्याला जेवायला दिलं का? तहानलेल्याला पाणी दिलं का? परक्याला घरात घेतलं का? आजारी माणसाला आणि तुरुंगातल्याला भेटायला गेलात का? समाधी लागली का किंवा चमत्कार केले का, हे तिथे कुणी विचारत नाही.

संत ठरवतं कोण?

मराठी माणसाला संत आणि रोजचं काम ही जोडी नवीन नाही. सावता माळ्यांचा मळा, गोरा कुंभारांची माती, जनाबाईंचं जातं आपल्याला ठाऊक आहे. पण एक मोठा फरक आहे. वारकरी संतांना कोणत्या कार्यालयाने संत ठरवलं नाही. लोकांनी त्यांना संत मानलं.

कॅथलिक चर्चमध्ये मात्र संतपदाची रीतसर प्रक्रिया आहे.

साधारणपणे व्यक्तीच्या मृत्यूनंतर किमान पाच वर्षांनी ती सुरू होते. स्थानिक बिशप साक्षी, पत्रं आणि लेखन गोळा करतात. या टप्प्यावर त्या व्यक्तीला 'देवाचा सेवक' किंवा 'देवाची सेविका' म्हणतात. मग व्हॅटिकनमधला विभाग त्या आयुष्याची छाननी करतो. श्रद्धा, आशा, प्रेम, न्याय, संयम असे गुण त्या व्यक्तीने असामान्य पातळीवर जगले, असं ठरलं तर 'वंदनीय' हा दर्जा मिळतो. त्यानंतर त्या व्यक्तीच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार मान्य झाला की 'धन्य' आणि साधारणपणे आणखी एक चमत्कार मान्य झाला की 'संत'. धर्मासाठी मारल्या गेलेल्या हुतात्म्यांना 'धन्य' ठरवताना चमत्काराची अट नसते.

चर्चच्या मते या प्रक्रियेतून कुणी संत 'बनत' नाही. जी व्यक्ती आधीच देवाजवळ आहे, तिची फक्त जाहीर ओळख पटवली जाते. त्यामुळे यादीबाहेरही असंख्य संत आहेत, हे चर्चला मान्यच आहे. मुद्दा असा की बराच काळ यादीत एकाच प्रकारची माणसं जात राहिली.

मठ म्हणजेच पवित्रता, हे समीकरण कसं तयार झालं?

सुरुवातीच्या तीन शतकांत ख्रिस्ती समाजाचे आदर्श होते हुतात्मे. रोमन साम्राज्यात श्रद्धेपायी जीव गमावलेली माणसं.

३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मान्यता मिळाली आणि छळ थांबला. मग सर्वस्व सोडून देणारा माणूस कुठे शोधायचा? तो इजिप्तच्या वाळवंटात सापडला. एकांतात राहणारे तपस्वी नवे आदर्श बनले. त्यातून मठ उभे राहिले आणि हळूहळू दोन पायऱ्या तयार झाल्या. वरच्या पायरीवर साधू, साध्वी आणि धर्मगुरू. खालच्या पायरीवर लग्न करून, पोटापाण्याचा उद्योग करून जमेल तेवढा धर्म पाळणारे बाकीचे सगळे.

अपवाद होते. इटलीतल्या क्रेमोना शहरातला होमोबोनो हा कापडाचा व्यापारी आणि शिंपी. लग्न झालेला, धंदा सांभाळणारा. ११९७ मध्ये तो वारला आणि अवघ्या दोन वर्षांत, ११९९ मध्ये, पोप इनोसंट तिसरे यांनी त्याला संत जाहीर केलं.

दुसरं उदाहरण थेट गोव्याशी जोडलेलं आहे. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये एकाच दिवशी पाच जणांना संतपद मिळालं. त्यात फ्रान्सिस झेवियर होते, ज्यांचं पार्थिव जुन्या गोव्यात आहे आणि ज्यांना गोंयकार 'गोंयचो सायब' म्हणतात. त्यांच्यासोबत इग्नेशियस लॉयोला, आविलाच्या तेरेसा आणि फिलिप नेरी ही मोठी नावं होती. पाचवा होता इसिद्रो. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा, लग्न झालेला एक शेतमजूर.

इसिद्रोची एक आख्यायिका आहे. तो रोज सकाळी प्रार्थनेला जायचा म्हणून कामावर उशिरा पोचतो, अशी तक्रार सोबतच्या मजुरांनी मालकाकडे केली. मालक बघायला गेला तर इसिद्रोच्या वाटचं शेत देवदूत नांगरत होते.

गोष्ट गोड आहे, पण तिच्यात जुना विचारही लपलेला आहे. प्रार्थना पवित्र, आणि नांगरणी म्हणजे प्रार्थनेसाठी दुसऱ्या कुणीतरी उरकून द्यायचं काम. नांगरणी हीसुद्धा देवाजवळ जायची वाट असू शकते, हे या गोष्टीला सुचत नाही. पुढच्या चारशे वर्षांत नेमकं हेच बदललं.

१६०९: संसारी माणसांसाठी एक पुस्तक

हा बदल ठळकपणे मांडणारं पहिलं नाव म्हणजे फ्रान्सिस डी सेल्स. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरमधल्या शिक्षणसंस्थांमुळे हे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानावरून गेलेलं असतं. ते जिनिव्हाचे बिशप होते. पण जिनिव्हा तेव्हा प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्याने त्यांचा मुक्काम आजच्या फ्रान्समधल्या आन्सी शहरात असायचा.

त्यांच्या नात्यातल्या एका विवाहित स्त्रीला त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शन करणारी पत्रं लिहिली होती. त्यातून १६०९ मध्ये 'भक्तिमय जीवनाची ओळख' अशा अर्थाच्या नावाचं फ्रेंच पुस्तक आलं. ते खूप गाजलं.

त्यातला मुख्य मुद्दा आजही ताजा वाटतो. भक्ती प्रत्येकाच्या परिस्थितीप्रमाणे वेगळी असली पाहिजे. बिशपने एकांतवासी साधूसारखं राहायचं ठरवलं, संसारी माणसाने मठवाश्यांसारखं पैसे साठवणंच बंद केलं किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद होईल, असं ते सांगतात. ज्या भक्तीमुळे माणसाची खरी जबाबदारी मोडते, ती भक्ती खोटी.

फ्रान्सिस यांची आणखी एक ओळख. लोक प्रवचनाला येईनात म्हणून ते पत्रकं लिहून घरोघरी दाराखालून सरकवायचे. म्हणूनच १९२३ मध्ये चर्चने त्यांना पत्रकार आणि लेखकांचे आश्रयदाते संत ठरवलं.

भांडी, धुणं आणि एक चिडचिड

मठांच्या आतही हा विचार रुजत होता. आविलाच्या तेरेसा यांनी सोळाव्या शतकातच आपल्या साध्वींना बजावलं होतं की स्वयंपाकघरात काम लागलं म्हणून हिरमुसू नका, देव भांड्याकुंड्यांमध्येही वावरतो.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स होते. मूळचे सैनिक, पाय अधू झालेला, फारसं शिक्षण नाही. त्यांना मठाच्या स्वयंपाकघरात कामाला लावलं. हे काम त्यांना मुळात आवडत नसे. तरी त्यांनी तिथे अनेक वर्षं काढली आणि पुढे मठातल्या लोकांच्या चपला दुरुस्त केल्या. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ वेगळी नाही, दोन्हीकडे देवाचं भान सारखंच ठेवता येतं, ही त्यांची शिकवण. १६९१ मध्ये ते वारले. त्यांची पत्रं आणि संभाषणं नंतर पुस्तकरूपात आली आणि आजही जगभर वाचली जातात. गंमत म्हणजे लॉरेन्स यांना अधिकृत संतपद मिळालेलं नाही.

या विचाराला खरी लोकप्रियता मिळाली ती फ्रान्समधल्या एका मुलीमुळे. लिझ्यूची तेरेज. मदर तेरेसा यांनी ज्यांच्यावरून आपलं नाव घेतलं, त्या ह्याच. १८७३ मध्ये जन्म, १५ व्या वर्षी मठात प्रवेश, २४ व्या वर्षी क्षयाने मृत्यू. बाहेरच्या जगात तिने कोणतंही मोठं काम केलं नाही.

पण मृत्यूनंतर वर्षभरात, १८९८ मध्ये, तिचं आत्मकथन प्रसिद्ध झालं आणि लोक चकित झाले. कारण त्यात काय होतं? प्रार्थनेच्या वेळी मागे बसून सतत बारीक आवाज करणारी एक साध्वी, जिच्यामुळे तेरेजला घाम फुटायचा, पण मागे वळून पाहायचं नाही असं तिने ठरवलं. धुणं धुताना समोरून घाण पाण्याचे शिंतोडे उडवणारी दुसरी. एक कुरकुरी म्हातारी, जिला रोज हात धरून जेवणघरात न्यायचं आणि पाव कापून द्यायचा. आणि एक साध्वी, जी तिला मुळीच आवडायची नाही. तिच्याशी तेरेज इतकी गोड वागली की तुला माझ्यात एवढं काय आवडतं, असं त्या साध्वीनेच विचारलं.

हॉस्टेलवर, एकत्र कुटुंबात किंवा शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. मोठी कामं आपल्या हातून होणार नाहीत, तर छोटी कामं मोठ्या प्रेमाने करायची, हा तेरेजचा 'लहानसा मार्ग'. १९२५ मध्ये तिला संतपद मिळालं आणि १९९७ मध्ये 'चर्चची आचार्य' हा दुर्मीळ सन्मान.

तिचे आईवडीलही आज संत आहेत. वडील लुई मार्तां घड्याळजी. आई झेली लेसचा व्यवसाय चालवायची. हाताखाली कामगार बायका होत्या, ऑर्डर वेळेत द्यायच्या असायच्या. नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. झेलीची दोनशेहून अधिक पत्रं उपलब्ध आहेत. मुलांची आजारपणं, धंद्याची काळजी, थकवा, नवऱ्याबद्दलचं प्रेम असं सगळं त्यात आहे. १८७७ मध्ये ती स्तनाच्या कॅन्सरने गेली. लुईंना उतारवयात मानसिक आजार झाला आणि काही वर्षं मनोरुग्णालयात काढावी लागली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी दोघांना एकत्र संत जाहीर केलं. हुतात्मे नसलेल्या पती-पत्नीला एकत्र संतपद देण्याची ही पहिलीच वेळ होती.

१९६४: विचार नियम बनतो

इथपर्यंत ही काही लोकांची शिकवण होती. ती चर्चची अधिकृत भूमिका म्हणून ठामपणे मांडली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने.

१९६२ ते १९६५ या काळात जगभरचे बिशप रोममध्ये जमले होते. मिस्सा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत, म्हणजे वसईत मराठीत आणि गोव्यात कोकणीत, होऊ लागली ती याच परिषदेमुळे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी परिषदेने चर्चच्या स्वरूपावरचा एक मूलभूत दस्तऐवज मंजूर केला. त्याच्या पाचव्या प्रकरणाचा विषय आहे पवित्रतेची सर्वांना असलेली हाक.

पवित्रतेची हाक धर्मगुरूंना जितकी आहे तितकीच प्रापंचिकांना आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात धर्मगुरू किंवा साध्वी नसलेल्यांसाठी 'प्रापंचिक' हाच शब्द वापरतात. पती-पत्नी, विधवा, अविवाहित, कष्टकरी, आजारी आणि गरीब या सगळ्यांचा उल्लेख तिथे आहे. दोन पायऱ्यांची उतरंड कागदावर तरी संपली.

शेजारच्या घरातले संत

२०१८ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर एक पत्र प्रसिद्ध केलं. आजच्या जगात पवित्रतेची हाक, हा त्याचा विषय. भाषा इतकी सोपी की धर्मशास्त्र न शिकलेल्यालाही कळावी.

मुलांना प्रेमाने वाढवणारे आईबाप, घर चालवण्यासाठी राबणारी माणसं, आजारी लोक, हसू न हरवलेल्या म्हाताऱ्या साध्वी यांच्यात आपल्याला पवित्रता दिसते, असं ते लिहितात. शेजारच्या घरात राहणारे संत, अशी त्यांची कल्पना आहे.

त्यात ते एका बाईचं उदाहरण देतात. ती बाजारात जाते. शेजारीण भेटते, गप्पा रंगतात आणि कुणाची तरी निंदा सुरू होते. ती मनात ठरवते की आपण कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. घरी येते तर मुलाला तिच्याशी बोलायचं असतं. ती दमलेली असते, तरी शांतपणे बसून ऐकते. नंतर मन काळजीने भरतं तेव्हा जपमाळ हातात घेते. पुन्हा रस्त्यावर जाते, एक गरीब माणूस दिसतो, ती थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलते. पोप म्हणतात, ही प्रत्येक कृती म्हणजे पुढे टाकलेलं एक पाऊल.

याच पत्रात ते सोशल मीडियावरही बोलतात. इंटरनेटवरच्या शाब्दिक हिंसेत ख्रिस्ती लोकही ओढले जातात आणि कॅथलिक माध्यमांतही बदनामी चालते, असं ते सांगतात. समोरासमोर कधी बोलणार नाहीत अशा गोष्टी लोक तिथे लिहितात. धर्माच्या बाकीच्या आज्ञा वाचवण्याच्या आवेशात खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मात्र सर्रास मोडली जाते, हे त्यांचं निरीक्षण. म्हणजे एखादी कमेंट टाइप करून न पाठवणं, हेही या हिशेबात एक पाऊल ठरतं.

मात्र पवित्रता म्हणजे फक्त गोड वागणं नव्हे, याकडेही ते लक्ष वेधतात. गर्भातल्या बाळाच्या जिवाइतकाच गरिबांचा, स्थलांतरितांचा आणि गुलामीत अडकलेल्यांचा जीव पवित्र आहे. एकाची काळजी करून दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही.

मग भांडी कोणी घासायची?

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. रोजचं काम पवित्र आहे, असं सांगणारा कोण आणि ते काम करणारा कोण?

स्वतःहून प्रेमाने केलेलं काम आणि माथी मारलेलं काम बाहेरून सारखंच दिसतं. 'त्याग कर, देव पाहतोय' हे वाक्य नेहमी एकाच माणसाला ऐकवलं जात असेल, तर ती पवित्रतेची शिकवण राहत नाही. तो राबवून घेण्याचा सोपा उपाय होतो. 'घरची लक्ष्मी' म्हणून सगळं काम सुनेवर ढकलणारी घरं आपल्यालाही माहीत आहेत.

चर्चमध्येही असं झालं आहे. मार्च २०१८ मध्ये, म्हणजे पोपचं पत्र येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राच्या महिलांसाठीच्या मासिक पुरवणीत एक लेख आला. कार्डिनल आणि बिशपांच्या घरी स्वयंपाक, साफसफाई करणाऱ्या साध्वींना धड मोबदला मिळत नाही, कामाचे तास ठरलेले नसतात, असं त्यात मांडलं होतं. सेवा या शब्दाआड वेठबिगारी चालते, अशी ही तक्रार घरातूनच आली होती.

दुसरं उदाहरण ओपस देई या संघटनेचं. १९२८ मध्ये स्पेनमध्ये होसेमारिया एस्क्रिव्हा यांनी ती स्थापन केली. आपलं रोजचं कामच पवित्र करायचं, हा तिचा गाभा. एस्क्रिव्हा यांना २००२ मध्ये संतपद मिळालं. पण संघटनेच्या केंद्रांमध्ये घरकाम करणाऱ्या दक्षिण अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक महिलांनी २०२१ मध्ये व्हॅटिकनकडे तक्रार केली. आपल्याला लहान वयात शिक्षणाच्या नावाखाली नेलं आणि वर्षानुवर्षं पगाराशिवाय राबवलं, असा त्यांचा आरोप आहे. संघटनेने शोषणाचे आरोप नाकारले आहेत.

संतपदाच्या निवडीवरही वाद झाले. इटलीतल्या बालरोगतज्ज्ञ जान्ना बेरेत्ता मोल्ला यांना गरोदरपणात गर्भाशयात गाठ असल्याचं कळलं. गर्भाचा जीव जाईल असा उपचार त्यांनी नाकारला. १९६२ मध्ये मुलगी झाली आणि आठवड्याभरात त्या गेल्या. २००४ मध्ये त्यांना संत जाहीर केलं तेव्हा पती समारंभाला हजर होते. अनेकांना त्यांच्यात मातृत्वाचा परमोच्च आदर्श दिसतो. बाईने जीव दिला की मगच तिची थोरवी दिसते का, असाही प्रश्न विचारला जातो.

मग यातून वाट कशी काढायची? परंपरेतच एक कसोटी सापडते. तेरेज, लॉरेन्स किंवा मार्तां दांपत्य हे दुसऱ्यांना त्याग शिकवत बसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या वाटचं काम उचललं. मत्तयच्या २५ व्या अध्यायातला प्रश्नही 'तू काय दिलंस' असा आहे. 'तू दुसऱ्याकडून काय करवून घेतलंस' याचं श्रेय तिथे कुणालाच मिळत नाही. दमलेल्या माणसाच्या हातातलं काम आपण घेतलं, तर ते रोजच्या जगण्यातलं पावित्र्य. त्याच्या कामाचं नुसतं कौतुक करून आपण बसून राहिलो, तर नव्हे.

भारतातले संत कोण?

आता भारताच्या यादीकडे पाहू. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत आपल्या वसईचे, गोन्सालो गार्सिया. काही काळ व्यापारात होते, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर ठार मारण्यात आलं. १८६२ मध्ये संतपद मिळालं.

गोव्याचे जोसेफ वाझ धर्मगुरू होते, त्यांनी श्रीलंकेत काम केलं. केरळच्या अल्फोन्सा साध्वी होत्या. कोलकात्यात काम केलेल्या मदर तेरेसाही साध्वीच. केरळच्या मरियम थ्रेसिया गरीब कुटुंबांच्या घरी जाऊन सेवा करायच्या, त्यांनी साध्वींचा संघ स्थापन केला.

२०२२ मध्ये तमिळनाडूतले देवसहायम हे संतपद मिळालेले पहिले भारतीय प्रापंचिक ठरले. ते विवाहित होते, त्रावणकोर राज्याच्या चाकरीत होते. पण तेही हुतात्मा. १७५२ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

म्हणजे संसार केला, नोकरीधंदा केला, म्हातारपणी किंवा आजारपणात घरच्या अंथरुणावर डोळे मिटले, असं नाव भारताच्या यादीत अजून नाही. याचं एक कारण व्यवहाराचं आहे. संतपदाच्या प्रक्रियेला वर्षानुवर्षं लागतात, कागदपत्रं गोळा करावी लागतात, पैसा आणि माणसं लागतात. धर्मसंघाकडे हे सगळं असतं. चार मुलं वाढवून गेलेल्या कोळणीसाठी किंवा शेतकऱ्यासाठी फाइल कोण तयार करणार?

रोज नेमकं करायचं काय?

कॅथलिक घरांमध्ये यासाठी काही जुन्या सवयी आहेत. सकाळी उठल्यावर दिवसभराचं काम, आनंद आणि त्रास देवाला अर्पण करणारी छोटी प्रार्थना. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी दिवसातून तीनदा, हातातलं काम थांबवून म्हणायची प्रार्थना.

सगळ्यात उपयोगी सवय इग्नेशियस लॉयोला यांनी सोळाव्या शतकात शिकवली. दिवसाची उजळणी. ती पाच टप्प्यांत होते.

पहिला, आज जे चांगलं मिळालं त्याबद्दल आभार. दुसरा, स्वतःकडे खरेपणाने पाहता यावं म्हणून प्रार्थना. तिसरा, सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवणं: कुणाशी कसं बोललो, कुठे चिडलो, कुठे कुणाला टाळलं. चौथा, जे चुकलं त्याची क्षमा मागणं. पाचवा, उद्या कोणती एक गोष्ट वेगळी करायची हे ठरवणं. याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

यामागचा विचार समजायला व्हिएतनामचे बिशप फ्रान्स्वा झेवियर न्गुएन व्हान थुआन यांचं उदाहरण मदत करतं. १९७५ मध्ये कम्युनिस्ट सरकारने त्यांना अटक केली. १३ वर्षं ते कैदेत होते, त्यातली ९ वर्षं एकांतकोठडीत. सुटकेची वाट पाहण्यात दिवस घालवायचे नाहीत, समोरचा प्रत्येक क्षण प्रेमाने भरायचा, असं त्यांनी ठरवलं. नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर, मुलं मोठी झाल्यावर चांगलं वागू, असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लागू पडतं.

नाव नसलेल्यांचा दिवस

कॅथलिक दिनदर्शिकेत जवळपास प्रत्येक तारखेला कुणा ना कुणा संताचं नाव असतं. पण १ नोव्हेंबर हा दिवस कुणा एकाचा नाही. तो सर्व संतांचा सण. ज्यांची फाइल कुणी केली नाही, ज्यांच्या नावाने चर्च बांधलं गेलं नाही, ज्यांचा फोटोही उरला नाही, तेही त्या दिवशी आठवले जातात.

दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, सगळ्या मृतांचं स्मरण असतं. वसईपासून गोव्यापर्यंत लोक दफनभूमीत जातात, आपल्या माणसाच्या कबरीवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. त्या कबरींवर फक्त नावं आणि तारखा असतात. आई, आजोबा, मावशी, शेजारचे काका. यादीत यांच्यापैकी बहुतेक कुणीच नाही. पण त्यांच्यातलं संत कोण होतं, ते घरच्यांना पक्कं माहीत असतं.